एमजीबीचे मागचे पाटे आणि माझी घाई

माझी एमजीबी (एमजीची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) १९७१ ची, क्रोम बंपरवाली रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची. गेली दोनेक वर्षं मागून बसल्यासारखी दिसत होती, डिकीत एक बॅग टाकली की जरा मोठ्या खड्ड्यात एक्सल थेट वरच्या रबरवर धप्प. पाटे (लीफ स्प्रिंग) थकलेत हे शेंबडं पोरही सांगेल, पण नवे कुठले घ्यायचे इथे मी तोंडावर आपटलो.

झालं असं की "एमजीबी, मागचे पाटे" एवढंच बघून मी जोडी मागवून टाकली. बसवली आणि गाडी अशी उभी राहिली की विंचवाने नांगी उगारावी. वाटलं, नवे आहेत, बसतील. नवे पाटे सुरुवातीला थोडे उंच राहतात आणि काहीशे किलोमीटरनंतर दबतात हे खरंच आहे, पण हे ढिम्म हलेनात. शेवटी परत खोलले, जुना-नवा शेजारी ठेवला, टोकांच्या बुशच्या (रबरी नळ्यांच्या) भोकांमधून दोरी ताणली आणि मधल्या बोल्टपर्यंतची कमान मोजली. जुना दमलेला धरला तरी फरक फारच!

ते पाटे रबर बंपरवाल्या गाडीचे होते. १९७४ च्या शेवटी अमेरिकेतल्या बंपरच्या नियमांसाठी कंपनीने गाडी इंच-दीड इंच उचलली, म्हणून मागे जास्त कमानीचे पाटे आले. त्यात जीटीचे (पक्क्या छताच्या एमजीबीचे) आणखी वेगळे, कारण ती बॉडी जड. म्हणजे नाव एकच, पाटे किमान तीन तऱ्हेचे, आणि मी मात्र फोटो बघून खूश.

आता आधी मोजतो मग मागवतो. चाकाच्या मध्यापासून वर आर्चच्या (चाकावरच्या पत्र्याच्या कमानीच्या) कडेपर्यंत, दोन्ही बाजूंना, म्हणजे टायर कुठला आणि हवा किती याचा घोळ होत नाही. एक बाजू खूपच खाली असेल तर पाटा ज्याला लटकतो तिथला पत्रा सडलाय का तेही बघा, नाहीतर नवे पाटे घालून काय उपयोग. आणि "स्पोर्टी" म्हणून पाट्यात एक पान (पोलादी पट्टी) जास्तीचं घालायचा मोह मला तरी पटत नाही, मागे एवढी हलकी गाडी, सलग एक्सल, त्यात जुने लिव्हरवाले शॉकअप, खराब रस्त्यावर नुसती उड्या मारते.

दुसऱ्या खेपेला बरोबर जोडी आली. (जोडीच घ्या, एकच बदलून काटकसर करू नका.) शॅकलचे (पाट्याचं मागचं टोक बॉडीला लटकवणाऱ्या पट्ट्यांचे) बोल्ट मात्र गाडी जॅकवर लटकत असताना आवळायचे नाहीत, आधी नुसते हाताने, मग गाडी चाकांवर उतरवून, दोनदा दाबून, मग पाना. नाहीतर बुशचं रबर पिळलेलंच राहतं, गाडी उंच दिसते आणि बुश लवकर फाटतात. मी पहिल्या खेपेला हेही चुकवलं होतं, सांगायचं राहिलंच.

आता उंची बरोबर आहे. उजवी बाजू ५ मिमी खाली दिसते, ती ड्रायव्हरच्या वजनामुळे असं बायकोचं म्हणणं.