डोळे उघडेच राहतात, आधीच सांगते

जुली, म्हातारी लॅब्राडॉर. पुढच्या पायाच्या हाडाचा कॅन्सर फुप्फुसापर्यंत पोहोचलेला, वेदनाशामक औषधंही पुरेनाशी झालेली. दयामरणाच्या संमतीपत्रावर सही करताना तिच्या मालकीणबाईंनी एवढंच विचारलं, "डॉक्टर, तिला दुखणार नाही ना?" कॉलेजात जाणारा मुलगा भिंतीला टेकून उभा. तोंडातून शब्द नाही.

अशा वेळी मी सगळं आधीच सांगून टाकते. ऐकण्याच्या मनःस्थितीत कुणी नसतं हे ठाऊक असूनही. आधी गुंगीचं इंजेक्शन, थोड्या वेळात ती गाढ झोपेल. मग शिरेतून पेंटोबार्बिटल. हे मूळचं भुलीचंच औषध. मात्रा खूप वाढवली की आधी शुद्ध हरपते, मग श्वास थांबतो, शेवटी हृदय. डोळे मिटत नाहीत. लघवी होऊ शकते. आणि जीव गेल्यावरही एखाददुसरा मोठा श्वास येऊ शकतो, तो वेदनेचा नसतो.

जुली घोरायला लागली तेव्हा चांगल्या पायावरचे केस काढले. असिस्टंटने कोपराखाली दाबून धरलं, तरी शीर वर येईना. अंगातलं पाणी कमी झालं की ती दोऱ्यासारखी होते. शेवटी मागच्या पायाला सुई लागली. आधी सलाईन सोडून पाहिलं, कारण हे औषध शिरेबाहेर गेलं तर आग होते. ही सगळी शोधाशोध जागेपणी झाली असती तर? म्हणून गुंगी दिल्याशिवाय मी सुरुवातच करत नाही, कुणी कितीही घाई करो.

सिरिंज रिकामी होता होताच श्वास थांबला. बुबुळाला हलकेच स्पर्श केला, पापणी हलली नाही. स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं, मगच म्हणाले, "गेली."

आणि छाती एकदम वर आली. बाई किंचाळल्या, "जिवंत आहे ती!"

"आई, डॉक्टरांनी सांगितलं होतं ना," मुलगा म्हणाला. म्हणजे भिंतीशी उभा राहून तो सगळं ऐकत होता. तरीही बाईंसाठी मी स्टेथोस्कोप पुन्हा लावला.

त्यांना तिला शेतात पुरायचं होतं. दहन उत्तम, पण पुरायचंच तर खड्डा खोल हवा. औषध शरीरात तसंच राहतं, उकरून खाणारं कुत्रं, कोल्हा, गिधाड, कुणीही मरू शकतं.

"कमरेइतका?" मुलाने विचारलं.

"त्याहून खोल. आणि विहिरीपासून लांब."

त्याने तिथूनच मित्राला फोन लावला, कुदळ-फावडं घेऊन ये म्हणून.