भिडेवाड्यात बघण्यासारखं काय आहे?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, कारण हा प्रश्न मला वरचेवर येतो. बाहेरगावचे पाहुणे, त्यातही शिक्षक मंडळी, पुण्यात आले आणि दगडूशेठचं दर्शन आटोपलं की चपला घालता घालता विचारतात, "ताई, तो सावित्रीबाईंच्या शाळेचा भिडेवाडा इथंच कुठंतरी आहे ना? बघता येईल?"

जागा बघता येईल. वाडा नाही. देवळाकडे पाठ करून उभं राहिलात की समोर, रस्त्यापलीकडे तो होता. डिसेंबर २०२३ मध्ये महापालिकेनं रात्रीच ताबा घेतला आणि जेसीबी लावून तो उतरवला. सप्टेंबर २०२४ मध्ये तिथल्या स्मारकाचं भूमिपूजनही झालं.

हे ऐकून बरेच जण हळहळतात, काही चिडतात. हळहळ मलाही आहे, पण वाडा त्या एका रात्री गेला असं मी म्हणणार नाही. तळमजल्यावर दुकानं, त्यांच्या पाट्या, वर विजेच्या तारांचं जंजाळ आणि त्यामागे खचलेले वासे, मोडकी कवाडं. कोणी बोट करून दाखवल्याशिवाय तिथं कधी शाळा भरली असेल असं वाटायचंच नाही. स्मारकाचं घोडं वर्षानुवर्षं कोर्टात अडलं होतं. दुकानदारांचं पोट त्या जागेवर होतं, त्यामुळे त्यांना सरसकट खलनायक ठरवणं मला पटत नाही. निकाल लागेपर्यंत डागडुजीसुद्धा कुणी केली नाही, माझा राग त्यावर आहे. पेठांतल्या निम्म्याअधिक वाड्यांची हीच कहाणी.

आता शाळेबद्दल. तात्याराव भिड्यांनी जागा दिली आणि १८४८ साली इथं मुलींची शाळा सुरू झाली. आपण सगळीकडे १ जानेवारी वाचतो, काही चरित्रकार ऑगस्ट महिना धरतात. महिन्यावरून भांडायची मला हौस नाही. जोतिराव तेव्हा विशीत होते आणि सावित्रीबाई सतराच्या, हे जास्त लक्षात ठेवण्यासारखं. आज त्या वयाची मुलगी बारावीच्या क्लासला जात असते.

"देशातली पहिलीच ना?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. मिशनऱ्यांच्या मुलींच्या शाळा त्याआधीच्या. अमेरिकन मिशननं मुंबईत १८२४ मध्येच शाळा काढली होती. नगरला फॅरारबाईंची शाळा होती, ती बघून तर जोतिरावांनी हे डोक्यात घेतलं. बंगालात बारासातला एतद्देशीयांनी १८४७ मध्ये मुलींची शाळा काढली. १८८२ साली सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे निवेदन देताना खुद्द जोतिरावांनी एवढंच म्हटलं की पुण्यात मिशनऱ्यांची मुलींची शाळा होती, एतद्देशीयांची नव्हती, म्हणून आपण काढली आणि नवरा-बायकोनं मिळून तिथं अनेक वर्षं काम केलं. ज्यानं शाळा काढली तो स्वतः इतकं मोजून बोलतो, मग आपण छाती फुगवून 'आशियातली पहिली' कशाला म्हणायचं?

खरी गोष्ट पाहुण्यांना सहसा माहीत नसते: भिडेवाड्यातली ती शाळा फार टिकली नाही. लोकांची बोलणी वाढली, १८४९ मध्ये गोविंदरावांनी मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढलं, पैशाचीही ओढाताण झाली. सावित्रीबाईंच्या अंगावर शेणमाती पडायची आणि त्या शाळेत जाऊन लुगडं बदलायच्या, हे आपण चौथीपासून ऐकत आलोय. एखादी शाळा काढून, हात पोळून घेऊन गप्प बसायला एवढं पुरेसं होतं. पण ३ जुलै १८५१ ला बुधवार पेठेतच अण्णासाहेब चिपळूणकरांच्या वाड्यात पुन्हा आठ मुलींवर शाळा सुरू झाली. सप्टेंबरात रास्ता पेठेत दुसरी, मार्च १८५२ मध्ये वेताळ पेठेत तिसरी. सावित्रीबाई मुख्याध्यापिका, पगार शून्य. माझ्या मते, पडून पुन्हा उभी राहिलेली ही १८५१ ची शाळा १८४८ इतकीच मोठी आहे. चिपळूणकरांच्या वाड्याचा पत्ता मात्र आजवर एकाही पाहुण्यानं विचारलेला नाही.

म्हणून मी त्यांना विश्रामबागवाड्याकडे पिटाळते. पायी काही मिनिटांवर आहे आणि शाबूत आहे. दुसऱ्या बाजीरावानं बांधलेला हा वाडा. पुढे तिथं आधी संस्कृत पाठशाळा आणि मग पूना कॉलेज भरायचं. याच वाड्यात १६ नोव्हेंबर १८५२ रोजी मेजर कँडींच्या हस्ते जोतिरावांना शालजोडी दिली गेली. (मोल्सवर्थला मराठी-इंग्रजी शब्दकोशाच्या कामात हात देणारे तेच हे कँडी.) ज्या पेशवाईत फुल्यांकडे शिकणाऱ्या मांग-महार मुलींच्या आज्यापणज्यांना रस्त्यानं धड चालता येत नव्हतं, तिच्याच वाड्यात त्यांच्या शिक्षकाचा सत्कार. सुरूच्या झाडाच्या आकाराचे ते कोरीव लाकडी खांब बघताना हे ध्यानात असू द्या, मग फोटो काढा.

आणि शाळा 'बघायची'च असेल तर मुक्ता साळवे वाचा. फुल्यांच्या शाळेतली ही मांग समाजातली विद्यार्थिनी, वय वर्षं चौदा, जेमतेम तीन वर्षं शिकलेली. १८५५ साली 'ज्ञानोदय' या मिशनऱ्यांच्या नियतकालिकात तिचा 'मांग महाराच्या दुःखाविषयी' हा निबंध दोन हप्त्यांत छापून आला. वेद फक्त ब्राह्मणांचे असतील तर आमचा धर्म कोणता, असं ती थेट देवालाच विचारते. तालीमखान्यापुढून एखादा मांग-महार गेला तर गुलटेकडीच्या मैदानात तलवारीचा दांडू आणि त्याच्या डोक्याचा चेंडू करून खेळत, हे सांगताना तिचा हात कापत नाही. डोक्यावर छप्पर नसताना थंडी-पावसात बाळंत होणाऱ्या बायकांचे हाल तर ती असे लिहिते की दुसऱ्यांदा वाचवत नाहीत. त्या गुलटेकडीवर आज मार्केट यार्ड आहे, आपण तिथं कांदे-बटाटे घ्यायला जातो.

निबंध जेमतेम काही पानांचा, आंतरजालावर सहज सापडतो. मी तो पाहुण्यांना आधीच पाठवून ठेवते. वाचून आलेला माणूस आणि न वाचता आलेला माणूस, दोघांच्या प्रश्नांत फरक पडतो. न वाचलेले पार्किंगचं विचारतात. त्यांच्यासाठी सांगून ठेवते: गाडी आणूच नका, मेट्रोनं मंडईला उतरा, आणि वेळ उरला तर गंज पेठेतला फुलेवाडाही करा. तिथं ते दोघं राहत होते, आणि तो अजून उभा आहे.