कंबर ९४, शेरा ‘सामान्य’

चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसकडच्या एका कोळसा सायडिंगवर, म्हणजे रेल्वेत कोळसा भरतात त्या जागी, कंत्राटी कामगारांची तपासणी होती. अशा तपासणीत माणशी चार-पाच मिनिटं मिळतात, त्यातली निम्मी सह्यांत जातात. कंपनीला फक्त ‘फिट’ की ‘अनफिट’ एवढंच हवं असतं.

कंबर मात्र मी स्वतः मोजतो. फॉर्मवर तो रकाना नाही, म्हणून समासात लिहितो. काम क्षुल्लक दिसतं, पण बहुतेक ठिकाणी चुकतं. मदतनीस शर्टावरूनच टेप गुंडाळतो, नाहीतर "पँट कितीची?" विचारून तोच आकडा ठोकतो. पोट सुटलेला माणूस पँट पोटाखाली बांधतो. त्याची बत्तीसची पँट वर्षानुवर्षं बत्तीसचीच राहते. शेवटची बरगडी चाचपायची, कमरेच्या हाडाचं टोक शोधायचं, दोन्हींच्या मधोमध टेप धरायचा आणि श्वास सोडल्यावर वाचायचा. पोट आत ओढणाऱ्याला बोलतं ठेवायचं.

ट्रकांच्या वजनकाट्यावर बसणारा हा मुलगा चोविशीचा. हातपाय काटक्यांसारखे. उंची १६८, वजन ६९, बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) २४.४, संगणकानं हिरव्या अक्षरांत ‘सामान्य’ छापलं. त्या सॉफ्टवेअरच्या लेखी २५ पर्यंत सगळं आलबेल. भारतीयांनी २३ पासूनच सावध व्हायचं असतं, हे त्यात कुणी घातलेलंच नाही. टेपवर ९४ सेंटिमीटर आले, आपल्याकडे पुरुषांची मर्यादा ९०. उपाशीपोटी साखर ११२, तीही वाढलेली.

"जेवण कमी कर, पळायला जा," शेजारचे डॉक्टर मान वर न करता म्हणाले. हे वाक्य ते सगळ्यांनाच देतात.

"पळतो ना सर. पोलीस भरती हाये. रोज पहाटे, रोडनंच. ग्राउंडला टाळं असते."

तो रोड म्हणजे कोळशाच्या ट्रकांचा. थंडीत पहाटे हवा हलत नाही, धूळ-धूर जमिनीलगत साचतो, आणि भरतीच्या १६०० मीटरला माणूस तोंडानं खोल श्वास ओढतो. थुंकी काळी येते, हे त्यानं ‘आज बाजार आहे’ म्हणावं तसं सांगितलं. जन्म, शाळा, नोकरी, सगळं सायडिंगच्या आसपास.

"सर, धुळीनं पोट सुटते का?"

त्यानं गमतीत विचारलं. बाजूचे हसले. मला हसता आलं नाही. २०१६ मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या गटानं गाभण उंदरांना बीजिंगच्या हवेत ठेवलं. तेच खाणं खाऊन ते गाळलेल्या हवेतल्या उंदरांपेक्षा जड झाले. दक्षिण कॅलिफोर्नियात वर्दळीच्या रस्त्यांजवळच्या मुलांचं वजन जास्त वेगानं वाढताना दिसलं. दिल्ली-चेन्नईच्या २०२३ मधल्या अभ्यासात पीएम २.५ (हवेतले अतिबारीक कण) आणि मधुमेहाचा संबंध आढळला. बारीक कण फुप्फुसात दाह पेटवतात, तो रक्तातून पसरतो, इन्सुलिन नीट काम करेनासं होतं आणि पोटाच्या आतली चरबी बिघडते, अशी मांडणी आहे. पण या एका पोराच्या पोटात किती वाटा धुळीचा, किती रात्रपाळीचा आणि किती तर्री-समोशाचा, हे कुठल्या टेपनं मोजू?

पीएम २.५ ची आपली वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची ५. सायडिंगवर किती, ते फाइलीत नव्हतंच. मी शेरा मारला: ‘कामाच्या जागेचं धुळीचं मोजमाप जोडावं.’ फाइल परत आली, ‘तपासणीच्या कक्षेबाहेर, शेरा काढावा.’ काढलेला नाही.

दुपारी हवा जरा बरी असते, तेव्हा पळ, म्हटलं. "दुपारी तं काट्यावर असतो सर." एचबीएवनसीसाठी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या तपासणीसाठी, त्याला माझ्याकडे बोलावलंय. भरती तोंडावर आहे, त्यामुळे पळणं थांबव असं काही मला सांगवत नाही.