पंच्याहत्तरवर अडलेला काटा

यकृताचा कडकपणा मोजणाऱ्या फायब्रोस्कॅनचा आकडा ७५ किलोपास्कलवर अडला. यंत्राला त्यापुढे मोजताच येत नाही. प्रोबची जागा बदलून पाहिली, तरी तेच. निरोगी यकृत पाच-सहाच्या आसपास असतं. साधारण १२-१५ च्या पुढे सिरॉसिसचा, म्हणजे यकृत व्रणांनी भरून घट्ट झाल्याचा संशय घेतात.

चिठ्ठीवरही तेच होतं : 'सिरॉसिस?' साठीचे काका, वजन उतरलेलं. "दारू किती घेता, हे विचारून झालंय तिघांचं. मी घेत नाही," त्यांनी मी न विचारताच सांगून टाकलं.

मी सोनोग्राफीचा प्रोब ठेवला आणि गोंधळले. यकृत आक्रसलेलं नव्हतं, उलट चांगलं १९ सेंटिमीटर, कड गुळगुळीत. प्लीहा नेहमीएवढी, प्लेटलेट दोन लाखांच्या वर. सिरॉसिसने यकृत इतकं दगड झालं असतं तर प्लीहा फुगून प्लेटलेट केव्हाच घसरल्या असत्या. रक्तात एएलपी, म्हणजे पित्तमार्ग अडला किंवा यकृतात काही साचलं की वाढणारं एन्झाइम, १०४०, मर्यादेच्या जवळजवळ नऊपट, पण यकृतपेशींची इजा दाखवणारे एएलटी-एएसटी जेमतेम वाढलेले आणि बिलिरुबिन १.१. पित्तनलिकाही मोकळ्या. फाइलच्या तळाशी कुणी न पाहिलेला लघवीचा रिपोर्ट होता : प्रथिनं तीन प्लस.

"काका, डोळ्यांभोवती हे जांभळं कशाने?"

"खोकला आला की होतं. जातं आपोआप."

जीभ बाहेर काढायला सांगितली. फुगलेल्या जिभेच्या कडेला दातांचे खळगे उमटले होते. यकृत, लघवी, डोळे, जीभ : सगळं मिळून संशय अमायलॉइडचा, म्हणजे अवयवांत साचत जाणाऱ्या बिघडलेल्या प्रथिनाचा.

यकृततज्ज्ञांना फोन लावला. दुसऱ्या दिवशी त्वचेतून सुई घालून यकृताची बायोप्सी ठरली होती. ती आधी थांबवायला लावली. अमायलॉइडने भरलेलं यकृत सुई लागली की रक्तस्राव करू शकतं, शिवाय रक्त गोठवणारा फॅक्टर दहा कधीकधी अमायलॉइडलाच चिकटून बसतो. मग फ्री लाइट चेन, म्हणजे रक्तातले प्रतिपिंडांचे सुटे तुकडे, त्यांचे दोन प्रकार : लॅम्डा ४१२, कॅपा १४. गुणोत्तर ०.०३, प्रयोगशाळेची खालची मर्यादा ०.२६. एवढ्यावर निदान होत नाही, म्हणून पोटाच्या कातडीखालची चरबी सुईने काढली, सोबत अस्थिमज्जा. काँगो रेड हा रंग लावून ध्रुवित प्रकाशात धरली तेव्हा गुलाबी डाग कच्च्या सफरचंदासारखे हिरवे झाले. प्रकारही पक्का झाला, एएल, म्हणजे लाइट चेनपासून बनलेलं अमायलॉइड. हृदयावरचा ताण दाखवणारं एनटी-प्रोबीएनपी वाढलेलं निघालं, म्हणजे हृदयही सुटलेलं नसावं. ते मला यकृतापेक्षा जास्त खुपलं.

उपचार रक्तविकारतज्ज्ञांनी हाती घेतले. जाताना काका दारातून परतले. "मॅडम, रिपोर्टवर एक ओळ लिहाल? हे दारूने नाही म्हणून. घरी दाखवायचंय."

लिहून दिली. शिक्कासुद्धा मारला.