दवणा, गूळ आणि डब्यावरची चिठ्ठी

माझ्या बिस्किटांच्या डब्यावर एक चिठ्ठी चिकटवलेली असते. तिच्यावर दोन ओळी. पहिल्या ओळीत काय काय घातलंय ते: कणीक, तूप, गूळ, सुंठ, जायफळ, मीठ. दुसऱ्या ओळीत ते कशासाठी घातलंय ते: जायफळ झोपेसाठी, सुंठ अंगातल्या गारठ्यासाठी, मीठ दृष्टीसाठी, म्हणजे नजर लागते त्या दृष्टीसाठी. दुसरी ओळ वाचून इथं कोल्हापुरात आमच्या पेठेतली म्हातारी माणसं मान डोलावतात आणि राजारामपुरीतली पोरं फोटो काढतात. आमच्या ह्यांना मात्र ती ओळ अजिबात पसंत नाही. "बिस्किटं विकतीस का अंगारा?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. त्याचं उत्तर पुढं येईल.

सुरुवात झाली ती पुतणीमुळं. ती पुण्यात नोकरीला आहे. तिनं एक इंग्रजी यादी पाठवली, कुठल्या पदार्थात कसली जादू असते त्याची. दालचिनी पैशासाठी, व्हॅनिला प्रेमासाठी, रोझमेरी आठवणीसाठी आणि रक्षणासाठी, बेसिल, म्हणजे तिकडची तुळस, धनासाठी, लवंग लोकांची निंदानालस्ती थांबवण्यासाठी. आमच्या पेठेत राहून लवंगेचा हा उपयोग मला आजवर कुणी सांगितला नव्हता याचं वाईट वाटलं. खसखशीपुढं लिहिलं होतं, अदृश्य होण्यासाठी. मी खसखस लावून पाव केले. पाव अदृश्य झाले, खाणारे सगळे जागच्या जागी होते. "काकू, मी येतो दिवाळीला, तेव्हा ही सगळी यादी करून बघूया," असं पुतणी म्हणाली, पण मला कुठला धीर!

यादी वाचताना मला हसू येत होतं ते वेगळ्याच कारणानं. असल्या याद्या तिकडं फार जुन्या आहेत. निकोलस कल्पेपर नावाच्या इंग्रज वैद्यानं 1652 साली वनौषधींवर पुस्तक काढलं आणि त्यात झाडपाल्याला ग्रह वाटून दिले. बेसिल त्यानं मंगळाकडं आणि वृश्चिक राशीकडं दिलं होतं, आणि ते चांगलं का वाईट यावरून जाणत्यांचं आपसात भांडण आहे असंही लिहून ठेवलं होतं. आजच्या याद्यांत तेच बेसिल धनलाभ करून देतं. साडेतीनशे वर्षांत विंचवाकडून लक्ष्मीकडं! म्हणून यादी पाठ करायच्या भानगडीत मी पडत नाही. आपलं घर ज्या गोष्टी मानत आलंय त्या तरी निदान तोंडात घोळलेल्या असतात.

आमच्या आत्ती, म्हणजे सासूबाई, बेकिंग हा शब्द कधी उच्चारायच्या नाहीत, पण नानकटाई त्यांच्याइतकी कुणाला जमायची नाही. घरात भट्टी नव्हती. तूप, मैदा, पिठीसाखर घरून घेऊन बेकरीत जायचं, तिथं मळून, थापून, पत्र्यावर लावून भाजून आणायचं, हा तेव्हाचा रिवाज. डबा दाराबाहेर जायच्या आधी आत्ती मूठभर मीठ-मोहरी त्याच्यावरनं उतरवायच्या. "आल्यागेल्याची, पाप्या-चांडाळाची..." असं पुटपुटून चुलीत टाकायच्या. तडतडली की म्हणायच्या, बघ, होती. मोहरी विस्तवात पडल्यावर तडतडणारच, हे त्यांनाही ठाऊक होतं. फोडणी त्या रोजच करायच्या. तरी डबा तसाच गेला तर त्यांना चैन पडायचं नाही. परक्याच्या भट्टीत, परक्या नजरांपुढं आपलं तूप जाणार, त्याची ती धास्ती होती असं मला आता वाटतं.

तिकडंही हेच की. इंग्लंडात गुड फ्रायडेचा क्रॉस काढलेला बन वर्षभर घरात टांगून ठेवायची पद्धत होती. त्यानं आग लागत नाही, गलबत बुडत नाही, आणि तो बन म्हणे बुरसतही नाही. आयर्लंडात सोडा ब्रेडवर सुरीनं आडवी-उभी चीर देतात, भूतखेत बाहेर जावं म्हणून. चिरेचा उपयोग खरा आहे, जाड गोळ्याच्या मध्यापर्यंत आच पोचते. भूत निघून जातं का ते मी बघितलेलं नाही. पण माझ्या गोल पावावर मी ती चीर देते.

आता खरं सांगायचं ते हे की पदार्थाची जादू मानायची तर आधी त्याचा स्वभाव मानावा लागतो. दालचिनीचंच घ्या. पैसा यावा म्हणून लोक यीस्टच्या पिठात चमचे-चमचे दालचिनी मळतात आणि मग पाव फुगला नाही म्हणून मला फोन करतात. दालचिनीतलं तेल यीस्टला मारक असतं. म्हणून रोलमध्ये दालचिनी साखरेबरोबर आत पसरतात, पिठात नाही. मिठाचंही तसंच. दृष्टीसाठी घाला नाहीतर चवीसाठी, अर्धा किलो पिठाला दहा ग्रॅमच्या आसपास. मीठ यीस्टला लगाम घालतं आणि पिठाला ताण देतं. विसरलात तर पाव भराभर फुगतो, आतून पोचट आणि चवीला कागद. दृष्ट लागल्यासारखाच.

गूळ हा तर आपला. 2014 मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं, पण आम्हाला काय, गुऱ्हाळावर काकवी प्यायला जायची सवय त्याच्या कितीतरी आधीची. शुभ कामाला निघताना हातावर गूळ, संक्रांतीला तिळाबरोबर गूळ, पाडव्याला कडुलिंबाबरोबर गूळ. कडू घ्यायचं तर गूळ, गोड बोलायचं तरी गूळ. लक्ष्मीपुरीत मी गूळ घेते तो काळपट बघून. दुकानदार पिवळाधमक पुढं करतो, पण तो रंग बहुतेक वेळा पावडरी घालून काढलेला असतो. काळपट गुळाला चव जास्त, आणि त्यातल्या किंचित आंबटपणामुळं खायचा सोडा नीट उठतो. एकच लक्षात ठेवायचं, गूळ हवेतलं पाणी ओढतो. पावसाळ्यात गुळाची बिस्किटं दुसऱ्या दिवशी मऊ पडतात. घट्ट झाकणाचा डबा नसेल तर जुलैत करू नका.

जायफळाबद्दल हात आखडता. पुरणात आपण किसतो तेवढंच, चिमूटभर. तिकडच्या यादीत ते नशिबासाठी आहे, जुगार खेळणारे खिशात बाळगायचे म्हणे. आपल्याकडं बाळाला उगाळून चाटवतात, झोप लागावी म्हणून. पण चमच्यानं घातलं तर ते विषासारखं वागतं, भास होतात, मळमळतं. जादूच्या नावाखाली माप वाढवायची ज्यांना खोड आहे त्यांनी जायफळापासून चार हात लांब राहावं.

तुळस मी भाजत नाही. बेसिलची बहीण आहे, ब्रेडवर छान लागेल, असं पुतणी म्हणते. लागेलही. पण नैवेद्याच्या ताटावर जे पान ठेवलं की साधा भात देवाचा होतो, ते एकशे ऐंशी डिग्रीला करपवायला माझा हात होत नाही. याला काही कारण देता येणार नाही, देतही नाही.

दवण्याचं मात्र मला वेड लागलंय. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर जाऊन आलेल्या माणसाच्या अंगाला गुलाल आणि दवणा यांचा जो वास असतो तो ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. दवणा ज्या कुळातला, त्याच कुळातलं मगवर्ट नावाचं झुडूप तिकडं स्वप्नं पडावीत म्हणून उशीत घालतात. दवण्याचं तेल अत्तरात जातं तसं खाण्याच्या स्वादातही जातं, हे कळल्यावर मी गच्चीत कुंडीत लावला. देवाला वाहायला बाजारात मिळतो तो वापरायचा नाही, त्यावर काय फवारलंय कुणास ठाऊक. मी दोन वाळलेल्या काड्या पिठीसाखरेच्या बरणीत पुरून ठेवते आणि आठवड्यानं काढून टाकते. साखरेला वास राहतो, काडी पोटात जात नाही. त्या साखरेची नानकटाई तोंडात टाकली की आधी तूप लागतं, मग कुठंतरी मागून 'चांगभलं' ऐकू येतं. गरोदर बायकांना मी ती देत नाही, मागितली तरी.

आणि आता ह्यांच्या प्रश्नाचं उत्तर.

डब्यावर दुसरी ओळ लिहायला लागल्यावर पेठेत बोलवा झाला की हिच्या बिस्किटांत 'गुण' असतो. आमच्याकडं याचा अर्थ दोन्ही बाजूंनी निघतो. शेजारच्या एका वहिनींनी सुनेला माझा केक खाऊ दिला नाही. तोंडावर काही बोलल्या नाहीत, पण मला समजलं. आपल्या भागात 'काहीतरी खायला घातलंय' हे वाक्य अजून खालच्या आवाजात बोललं जातं. माणूस बदलला, घर मोडलं, आजार हटेना, की कुणी काय खायला घातलं याचा शोध सुरू होतो. त्या वहिनींचा मला राग आला नाही. अन्नात चांगलं घालता येतं असं मी म्हणत असेन, तर वाईटही घालता येतं असं त्यांनी का म्हणू नये?

त्याच सुमाराला एका बाईंचा फोन आला. ओळखीच्या नव्हेत. त्यांना नवऱ्यासाठी केक हवा होता, "त्यांचं मन वळंल असं काहीतरी घाला, पैशाचं बघू नका." आणि नवऱ्याला कळू द्यायचं नव्हतं. मी म्हटलं, ताई, चॉकलेटचा करून देते, चांगला करून देते, पण चिठ्ठी लागणार. त्यांनी फोन ठेवला. परत आला नाही.

चिठ्ठीचा नियम तेव्हापासून पक्का झाला. खाणाऱ्याला माहीत नसलेली एकही गोष्ट आत जाणार नाही, ना पदार्थ, ना हेतू. आणि हेतूचे पैसे घेणार नाही. किंमत मैदा, तूप, गूळ, वीज आणि माझ्या कंबरेची. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला त्याच वर्षी, 2013 मध्ये, आपल्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. 16 फेब्रुवारी 2015 ला याच कोल्हापुरात गोविंद पानसरेंवर सकाळी फिरायला गेलेले असताना गोळ्या झाडल्या. त्या शहरात राहून 'जादूचा केक' म्हणून दुप्पट भाव लावायचा, हे मला शक्य नाही. मीठ दृष्टीसाठी असं मी लिहिते, दृष्ट उतरेल असं लिहीत नाही. ह्यांना हा फरक पटत नाही. "वकिलासारखं बोलतीस," म्हणतात आणि डब्यातली दोन बिस्किटं उचलतात.

आत्ती गेल्या त्याच्या आधीच्या ग्रहणाची गोष्ट राहिलीच. मी तेव्हा नुकतंच सावरडो, म्हणजे विकतचं यीस्ट न घालता घरच्या आंबवणाचा पाव, करायला घेतलं होतं. ओट्यावर बरणीत कणकेचं आंबवण बुडबुडत होतं. ग्रहणाच्या दिवशी सकाळी बघते तर दुधावर, लोणच्याच्या बरणीवर, तुपावर दर्भाची काडी, आणि माझ्या आंबवणावरही एक. त्यांना ते काय आहे हे माहीत नव्हतं. वास बघून म्हणाल्या, "जिवंत हाय न्हवं, मग त्यालाबी लागंल." यीस्ट जिवंत असतं हे मला समजायला पुस्तक वाचावं लागलं होतं.

या नवरात्रात कोहळ्याचा केक करणार आहे. ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी त्र्यंबोलीच्या टेकडीवर जाते, तिथं कुमारिकेच्या हातून कोहळा फोडतात आणि त्याचा तुकडा मिळावा म्हणून माणसं एकमेकांच्या अंगावर पडतात. नवं घर, नवं दुकान असलं की दारावर कोहळा टांगतातच, येणारं सगळं त्यानं अंगावर घ्यावं म्हणून. खायला मात्र तो बेचव आणि पाणीदार, त्यामुळं केकमध्ये गाजरासारखा चालतो. किसून, मीठ लावून, घट्ट पिळून घ्यायचा. दोनशे ग्रॅम कणकेला पिळलेला दीडशे ग्रॅम कीस, शंभर ग्रॅम काळा गूळ, ऐंशी ग्रॅम पातळ तूप, पाऊण वाटी दही, पाऊण चमचा खायचा सोडा, वेलची. एकशे सत्तरवर चाळीस मिनिटांच्या आसपास, सुरी स्वच्छ निघेपर्यंत. पिळताना निघालेलं पाणी टाकू नका, खारट असतं पण आमटीत जिरतं.

ज्यांना हवा असेल त्यांनी घटस्थापनेच्या आधी कळवा. शेजारच्या वहिनींनी सांगून ठेवलाय, एक अर्धा किलोचा, सुनेसाठी. चिठ्ठी दोन्ही ओळींची लागणार म्हणाल्या.