आमची वाटचाल : एका थरथरणाऱ्या जिप्सीपासून

कोल्हापूरला उद्यमनगरात मी आणि मेहुण्याने मिळून शेड भाड्याने घेतलं तेव्हा पाटे (गाडीखालच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा) बदल, क्रॉस (चाकांकडे ताकद नेणाऱ्या शाफ्टच्या टोकाचा सांधा) बदल, ट्रॅक्टरचं वेल्डिंग, जे येईल ते करायचो. मग 2014 पासून गोव्यात पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज ही ऑफ-रोड शर्यत व्हायला लागली आणि इकडच्या पोरांना मारुतीची जिप्सी उचलायचं, म्हणजे जमिनीपासून उंच करायचं वेड लागलं.

पहिली जिप्सी आम्ही लई जोशात केली. कंपनीच्या गाडीत पाटे हाऊसिंगच्या (दोन चाकांमधल्या धुऱ्याच्या कवचाच्या) खाली असतात, ते वर घेतले की गाडी पाचेक इंच उचलते. त्यासाठी हाऊसिंगवर नवीन सीट (पाटे बसायच्या बैठका) वेल्ड कराव्या लागतात, आणि तिथं आम्ही मागच्या पिनियनचं (हाऊसिंगमध्ये शाफ्ट जोडतो त्या गिअरचं) नाक थेट ट्रान्सफर केसकडे (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीकडे) रोखून टाकलं, का तर शाफ्ट सरळ दिसावा. दिसायला झकास! गिऱ्हाईक किणी टोलनाक्यापर्यंत जाऊन परत आलं, "साठच्या पुढं थरथरते, बसवत नाही ओ गाडीत."

क्रॉस बदलले, शाफ्ट बॅलन्स करून आणला, चाकं बॅलन्स केली, सगळं आमच्या खिशातून आणि फरक शून्य. शेवटी मागचा शाफ्टच काढला, फोर हाय (चारी चाकांचा गिअर) टाकून नुसत्या पुढच्या चाकांवर गाडी पळवली, तर थरथर गायब. शाफ्ट बॅलन्स, क्रॉस नवे, मग उरला फक्त अँगल.

क्रॉस वाकड्यात फिरला की वेग एकसारखा राहत नाही. 20 अंशांवर असेल तर इकडून 100 ने फिरवा, पलीकडचं टोक एका फेऱ्यात दोनदा 94 पर्यंत पडतं आणि दोनदा 106 वर जातं. दुसरा क्रॉस तेवढ्याच अंशात उलटा असला की हे फिटतं, म्हणजे ट्रान्सफर केसचा शाफ्ट आणि पिनियन समांतर पाहिजेत. आम्ही खालचा क्रॉस शून्यावर आणून सगळा बाक वरच्या एकट्याच्या गळ्यात घातलेला. पिनियन असं रोखायचं ते डबल कार्डनला (वरच्या टोकाला दोन क्रॉस जोडलेल्या शाफ्टला), आमचा शाफ्ट साधा.

सीट कापून परत लावल्या, समांतरपेक्षा एक-दोन अंश खाली, कारण रेस दिली की पाटे पिळतात आणि नाक वर येतं. त्या कामात पैसे सुटले नाहीत, पण आज आमचं निम्मं काम दुसरीकडं उचललेल्या गाड्यांची थरथर काढायचंच आहे.

आता सीटला आधी नुसता टॅक (तात्पुरता वेल्डिंगचा टाका) मारतो, गाडी चाकांवर उतरवून अँगल मोजतो, मगच फुल वेल्ड. शाफ्ट उघडायच्या आधी पंचाची खूण, नाहीतर बसवताना स्लिप जॉईंटचा (शाफ्ट लांब-आखूड होतो त्या दातेरी सांध्याचा) एक दाता चुकला की दोन्ही यॉक (क्रॉस धरणारे काटे) रेषेत राहत नाहीत. पुढच्या हाऊसिंगचं दुखणं वेगळंच, तिथं पिनियन वर केलं की कॅस्टर (चाक वळायच्या अक्षाचा मागचा कल) कमी होतो आणि स्टेअरिंग भरकटतं, मग थोडं इकडं थोडं तिकडं सांभाळून घ्यायचं. आणि कंपनीच्या मूळ रचनेविरुद्ध गाडीत बदल करता येत नाहीत या 2019 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर रोडची गाडी असेल तर आधी आरटीओत विचारून या म्हणतो, गिऱ्हाईक गेलं तर गेलं.

परवा एकाने अँगल विचारायला फोटो पाठवला, अँगल मोजायला फोन पिनियनवर टेकवलेला, बाजूला आकडा लिहिलेला, आणि गाडी घोड्यांवर (स्टँडवर), चाकं लोंबकळत. म्हटलं, आधी खाली उतरव रे बाबा.