मनगटावरचे यंत्र

"मामा, जाळे जर याच्या मनगटातूनच निघते, तर हा एवढा हुशार असून उपयोग काय?" काल २००२ सालचा 'स्पायडर-मॅन' पाहताना भाचीने विचारलेला हा प्रश्न आज दिवसभर डोक्यातून गेला नाही.

स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी १९६२ मध्ये कॉमिक्समध्ये उभ्या केलेल्या पीटर पार्करला, म्हणजे मूळ स्पायडर-मॅनला, कोळ्याच्या दंशातून ताकद मिळाली, भिंतीवर चढता येऊ लागले. जाळे मात्र त्याने स्वतः रसायन तयार करून आणि मनगटावर बसणारे यंत्र बनवून मिळवले. ऐन लढाईत ते रसायन संपायचे, तेव्हा चौकटीतल्या त्या रिकाम्या मनगटाकडे मी शाळेत असताना कितीतरी वेळ पाहत बसायचो.

सॅम रायमी यांचा तो चित्रपट मला मनापासून आवडतो, आणि शाळकरी मुलाने असे यंत्र बनवणे पडद्यावर पटवणे अवघड आहे, हेही मान्य. पण पोशाख बदलला तरी चालेल, पात्राने कष्टाने कमावलेले त्याला आयते देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. २०१२ च्या चित्रपटात ते यंत्र परतले, तेव्हा मला फार बरे वाटले होते.

रविवारी भाचीला जुने अंक दाखवणार आहे. तुम्हाला असा कोणता बदल खटकला?